संध्याकाळचे विद्यार्थी

सायंकाळी साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात संगीत विभागाच्या लांबट मार्गिकेत दोन प्रकारचे विद्यार्थी एकमेकांना ओलांडून जातात. दिवसभराचे पदवीचे वर्ग आटोपून विशी-बाविशीतली मुले वाद्यांच्या पेट्या पाठीला लावून बाहेर पडत असतात आणि त्याच दारांतून पाच वर्षांपासून पंचाहत्तर वर्षांपर्यंतची माणसे आत येत असतात. त्यांतल्या कोणाचे पाय खुर्चीवर बसल्यावर जमिनीला टेकत नाहीत, तर कोणाला खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. मी गेली नऊ वर्षे या दुसऱ्या गटात आहे. विद्यापीठाच्या कोणत्याही पटावर माझे नाव नाही, मला पदवी मिळणार नाही आणि मी कधी मैफल करीन अशी अपेक्षा माझ्यासकट कोणाचीही नाही. तरीही नवशिक्याचा पहिला धडा हे विद्यापीठाचेच काम आहे, त्याच्या मुख्य कामाला लागून असलेली ती समाजसेवा म्हणता येणार नाही, असे मला आता ठामपणे वाटते. ते का वाटते, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी तिथे पोचले ती मुलीमुळे. ती सहा वर्षांची असताना तिला व्हायोलिन शिकायचे होते आणि विभागाच्या बालवर्गात जागा होती. पहिल्या भेटीत शिक्षिकेने मला विचारले, "तुम्ही कोणत्या वेळेला मोकळ्या असता?" मला वाटले, मुलीला आणण्या-सोडण्याचा प्रश्न आहे. मग कळले की पहिले काही आठवडे व्हायोलिन मुलीच्या हातात द्यायचेच नव्हते. ते माझ्या हातात यायचे होते आणि मुलीने फक्त पाहायचे होते. ही रीत शिनिची सुझुकी यांची. १८९८ मध्ये नागोया येथे जन्मलेल्या सुझुकींच्या वडिलांचा व्हायोलिन बनवण्याचा कारखाना होता. तरुणपणी सुझुकी जर्मनीत शिकले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो या गावी त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. जपानमधले प्रत्येक मूल जपानीसारखी अवघड भाषा कोणत्याही व्याकरणाशिवाय अस्खलित बोलते, ही रोजची गोष्ट त्यांना विलक्षण वाटली आणि मातृभाषा जशी येते तसेच संगीत का येऊ नये, या विचारातून त्यांची पद्धत आकाराला आली. मूल बोलायला शिकते ते घरात बोलणारे कोणी असते म्हणून. तेव्हा घरात वाजवणारेही कोणी हवे. ते वाजवणे चांगले असण्याची गरज नाही, ते रोज होत असले म्हणजे पुरे. आईने किंवा वडिलांनी सुरुवातीचे धडे स्वतः शिकावेत, हा आग्रह तिथून आला आहे.

त्या पद्धतीचे पुढे जगभर कर्मकांड झाले, अशी टीका मी ऐकली आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. शेकडो मुलांनी एकाच क्रमाने तीच तालिका गिरवणे हे भाषा शिकण्यासारखे खचितच नाही. पण त्या एका आग्रहाचे माझ्यावर फार मोठे ऋण आहे. मुलीने तीन वर्षे मनापासून वाजवले आणि नवव्या वर्षी एक दिवस तिने शांतपणे सांगितले की तिला आता हे नको, तिला पोहायचे आहे. तिचे म्हणणे मान्य करायला मला वेळ लागला, पण ते मान्य केले. व्हायोलिन परत करायला विभागात गेले तेव्हा वाद्यांच्या कपाटाची नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंनी मुलीचे अर्ध्या मापाचे वाद्य जमा करून घेतले, माझ्या पूर्ण मापाच्या वाद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर तुमचं आहे ना? तुमच्या वर्गाची वेळ बदलायची आहे का?" जणू मी तिथे येणे थांबवीन ही शक्यता त्यांच्या मनातही नव्हती. मी वेळ बदलून घेतली.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याआधी मी अन्य काही ठिकाणी प्रौढांसाठी संगीताचा वर्ग आहे का, अशी चौकशी केलेली होती. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असे, "कोणत्या परीक्षेला बसायचं आहे?" परीक्षेला बसायचे नाही म्हटले की समोरच्याचा चेहरा गोंधळून जाई. मी परीक्षांच्या विरोधात नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले तेव्हा ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग आणि परीक्षा यांमुळेच संगीत दरबाराच्या आणि घराण्याच्या भिंतींबाहेर पडले. ज्यांच्या घरात कोणी गात नव्हते अशा मुलामुलींना त्या पायऱ्यांचा आधार मिळाला. प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतच्या त्या जिन्याने किती घरांत तानपुरा नेला, याचे मोल मी जाणते. मात्र जिना चढणाऱ्यासाठी असतो. ज्याला तळमजल्यावरच, पण नीट आणि जाणत्या माणसाच्या सोबतीने राहायचे आहे, त्याच्यासाठी जागा कुठे आहे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

विद्यापीठांनी हा प्रश्न आपला मानावा ही कल्पना नवी नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने संगीतज्ञ मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली आणि १९४९ मध्ये बडोद्याचे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्या विद्यापीठाच्या कक्षेत आली. म्हणजे तिथे विद्यापीठाच्या आधी गायनशाळा होती. गावातल्या मुलांना स्वर ओळखायला शिकवणारी संस्था हीच पुढच्या कलाविद्याशाखेची पूर्वज ठरली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पीबडी या संगीतसंस्थेत हा प्रवास उलट्या दिशेने झाला. तिथे उच्च शिक्षण आधीपासून होते. तिथेच शिकलेल्या आणि वार्ताहर म्हणून काम केलेल्या मे गॅरेटसन इव्हान्स यांनी १८९४ साली मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी पूर्वतयारीची शाळा काढली आणि काही वर्षांतच मूळ संस्थेने ती आपलीशी केली. पुढे १९७७ मध्ये ती संस्था जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी जोडली गेली, तरी पूर्वतयारीची शाळा चालूच राहिली. या दोन्ही कथांमध्ये मला एक साम्य दिसते. वरच्या मजल्यावर उत्तम वाजवणारे तयार करायचे, तर खाली नवशिक्यांचा वर्ग भरलेला असावा लागतो, हे कोणाला तरी वेळेवर उमगले होते.

आमच्या विभागात हे नाते अगदी जवळून पाहायला मिळते, कारण संध्याकाळचे बहुतेक शिक्षक हे दिवसाचे विद्यार्थी असतात. माझे पहिले तीन शिक्षक पदव्युत्तर वर्गातले होते. सगळ्यांत दीर्घकाळ ज्यांच्याकडे शिकले ते सर माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मी त्यांना 'सर' म्हणत असे. सुरुवातीला त्यांना त्याचा फार संकोच वाटे. ते मला 'ताई' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. दर तीन-चार आठवड्यांनी वर्गाच्या मागच्या खुर्चीवर त्यांच्या प्राध्यापक बाई येऊन बसत आणि हातातल्या वहीत काही लिहीत राहत. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा त्या माझे वाजवणे तपासत आहेत असे समजून मी पार गांगरून गेले. धडा संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि मग सरांकडे वळल्या. दार लोटून घेण्याआधी मला त्यांचे पहिले वाक्य ऐकू आले: "तीस मिनिटांतली बारा मिनिटं तुम्ही बोलत होता."

त्या सायंकाळपासून माझी बसण्याची रीतच बदलली. मी शिकत होते तसेच माझे शिक्षकही शिकत होते आणि त्यांचा अभ्यासविषय मी होते, माझे मनगट होते, माझी अधीरता होती. पुढच्या धड्यात सर फारसे बोलले नाहीत. माझ्या उजव्या कोपराखाली दोन बोटे धरून त्यांनी मला एकच लांब सूर वाजवायला लावला आणि कोपर जड झाले की बोटे काढून घेतली. मागच्या सहा आठवड्यांत जे शब्दांनी समजले नव्हते ते त्या दोन बोटांनी समजले. मग ते स्वतःच उत्साहाने म्हणाले की असे काही होऊ शकते हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण त्यांचे स्वतःचे कोपर पाच वर्षांच्या वयातच जागेवर आले होते आणि ते कसे आले हे त्यांना आठवत नव्हते. उत्तम वादकाची हीच अडचण असते. त्याचे ज्ञान इतके खोल गेलेले असते की ते बाहेर काढून दुसऱ्याच्या हातात ठेवायचे तर आधी ते स्वतःला दिसावे लागते. नवशिक्या त्याला ते दाखवतो. ज्याला हाताचे काही येत नाही, पण विचारता सगळे येते, असा प्रौढ नवशिक्या तर विशेषच. "बो खालून वर नेताना करंगळी का वाकवायची?" (बो म्हणजे व्हायोलिनच्या तारांवरून फिरवायचा गज) असे सहा वर्षांचे मूल विचारत नाही, ते नुसते वाकवते. मी विचारले आणि सरांना उत्तर शोधायला आठवडा लागला. परत आल्यावर त्यांनी मला बो उभा, मग आडवा धरायला लावून त्याचे वजन कुठून कुठे सरकते ते करंगळीलाच जाणवू दिले. ती शोधाशोध त्यांच्या शिक्षणाचा भाग होती आणि तिच्यासाठी माझ्यासारख्या कोणाची तरी गरज होती.

प्रौढपणी शिकण्यातली खरी वेदना कोणती, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. लहान मुलाचा कान आणि हात बरोबरीने वाढतात. त्याला जे वाजवता येते जवळपास तेवढेच त्याला ऐकू येते, त्यामुळे कर्कश आवाज काढूनही ते समाधानाने हसू शकते. प्रौढाचा कान चाळीस वर्षे उत्तम संगीत ऐकून तयार झालेला असतो आणि हात मात्र काल जन्मलेला असतो. आपला सूर किती चढा किंवा किती उतरलेला आहे हे नेमके कळते आणि तो जागेवर आणणे मात्र हातात नसते, अशी ती अवस्था असते. पुष्कळ प्रौढ या टप्प्यावर सोडून जातात आणि आपल्याकडे संगीताचे अंग नाही असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष नेमका उलटा आहे. आपला सूर चुकल्याचे ज्याला खुपते त्याच्याकडे अंग आहे, फक्त त्याचा हात मागे आहे.

त्याच सुमारास एका संशोधनाविषयी वाचून मी खचले होते. १९९५ साली टॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारवाद्ये वाजवणाऱ्या नऊ जणांच्या मेंदूचा अभ्यास केला. डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत मिळालेली जागा न वाजवणाऱ्यांपेक्षा या वादकांत मोठी आढळली आणि ज्यांनी जितक्या लहान वयात सुरुवात केली होती तितका हा फरक अधिक होता. त्रेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिन हाती घेणाऱ्या बाईने यातून काय समजायचे? मी तो प्रश्न सरांपुढे ठेवला. त्यांनी मेंदूविषयी काही सांगण्याचा आव आणला नाही. ते म्हणाले, "ताई, 'जी' तार नुसती पाहत राहा. वाजवू नका. वाजवा 'डी'." आणि त्यांनी माझे तिसरे बोट डी तारेवर ठेवायला सांगितले.

हे थोडे समजावून सांगते. व्हायोलिनला चार तारा असतात आणि शेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचे अंतर असते. सर्वांत खर्जातली, 'जी' नावाची तार षड्ज मानली, तर तिच्या शेजारची डी ही पंचमाची तार होते आणि त्या तारेवर पहिल्या स्थानात तिसरे बोट ठेवले की वरचा षड्ज मिळतो. सतारीसारखे पडदे व्हायोलिनला नसतात. बोट कुठे ठेवायचे हे दाखवणारी एकही खूण त्या काळ्या पट्टीवर नसते. पण तिसरे बोट नेमक्या जागी पडले की शेजारची 'जी' तार, जिला कोणी हात लावलेला नाही, ती आपोआप कंप पावू लागते. सतारीच्या तरफेच्या तारा जशा न छेडता बोलतात तशीच ती बोलते. बोट केसभर सरकले की ती पुन्हा स्तब्ध होते. त्या सायंकाळी मी बोट पुढे-मागे करीत राहिले. तार निश्चल, निश्चल, आणि मग एका जागी ती धूसर झाली, तिच्या कडा पुसल्या गेल्या आणि खोलीतला आवाज एकदम दुप्पट रुंद झाला. ती जागा मला कोणी सांगितली नव्हती, वाद्याने सांगितली होती. माझ्या मेंदूत डाव्या हाताला किती जागा मिळेल ते मिळो, पण ही एक जागा मला मिळाली होती आणि ती मी रोज पुन्हा शोधू शकत होते. आजही सरावाला बसले की पहिली दहा मिनिटे मी हेच करते.

संगीताचा वर्ग विद्यापीठात असण्याचा एक फायदा मला आधी सुचलाही नव्हता. शेजारच्या इमारतीत भौतिकशास्त्राचा विभाग आहे. आमच्या प्रौढगटातल्या एका निवृत्त यंत्र-अभियंत्याने एकदा विचारले की बो तारेवरून सरळ ओढला जातो, मग तार मागे-पुढे कशी हलते? शिक्षकांनी त्याचे उत्तर देण्याऐवजी आम्हा सगळ्यांना पुढच्या आठवड्यात त्या विभागाच्या प्रयोगशाळेत नेले. तिथे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेली तार आम्ही पडद्यावर संथ गतीने पाहिली. डोळ्यांना जी तार फुगीर, गोलसर कंप पावताना दिसते ती प्रत्यक्षात दोन सरळ रेषांची बनलेली असते आणि त्या दोन रेषांमधला कोपरा तारा पेलणाऱ्या घोडीपासून खुंट्यांच्या टोकापर्यंत आणि परत, असा तारेवरून धावत असतो. ए तारेवर ही फेरी सेकंदाला ४४० वेळा पुरी होते. रोझिन, म्हणजे चिकट राळ, लावलेले बो-चे केस तारेला चिकटतात, तिला थोडे ओढून नेतात, कोपरा आला की ती सुटते, परत येते आणि केस तिला पुन्हा पकडतात. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ही हालचाल ओळखली होती. बो फार दाबला तर तार वेळेवर सुटत नाही आणि खरखर होते. फार हलका धरला तर पकड टिकत नाही आणि आवाज पातळ, शिट्टीसारखा होतो. दोन वर्षे "दाब कमी करा", "दाब वाढवा" असे ऐकून मी जे धडपडत करीत होते त्यामागे हा धावणारा कोपरा होता. त्या रात्री घरी येऊन मी वाजवले तेव्हा माझा आवाज सुधारला असे म्हणणार नाही, परंतु खरखर ऐकू आली की स्वतःवर चिडणे थांबले. तार सुटली नाही, एवढेच झाले होते. ती का सुटली नाही हे आता मला विचारता येत होते.

शनिवारी सकाळी मुलांचे वर्ग असतात आणि मी वाद्यांच्या कपाटाच्या कामात मदत करायला जाते. वाढत्या मुलांची वाद्ये सतत बदलावी लागतात. एक-अष्टमांश मापाचे व्हायोलिन घेऊन गेलेले मूल वर्षभरात पाव मापाच्या वाद्यासाठी उभे असते आणि त्याने परत केलेले वाद्य त्याच सकाळी दुसऱ्याच्या हातात जाते. ही वाद्ये विकत घ्यायची म्हटली तर कित्येक घरांतले शिक्षण तिथेच थांबेल. विद्यापीठाच्या कपाटाने ते चालू ठेवले आहे. पलीकडच्या खोलीत वाद्याशिवायचा वर्ग चालतो. तिथे मुले हाताच्या खुणांनी स्वर दाखवत गातात. मूठ मिटली की षड्ज, तळवा वर तिरका केला की पुढचा स्वर. या खुणा इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांच्या. नॉरविच गावच्या शिक्षिका सारा ग्लोव्हर यांनी घडवलेल्या सरगमपद्धतीवर त्यांनी पुढचे काम केले आणि विसाव्या शतकात संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या प्रेरणेने या खुणा हंगेरीच्या शाळांमध्ये पोचल्या. स्वराला शरीरात जागा द्यायची, तो दिसू द्यायचा, मग लिहायचा, ही त्यातली दृष्टी आहे. पाच वर्षांची पंधरा मुले एकाच वेळी मूठ उघडून हात डोक्यापर्यंत नेतात तेव्हा सप्तक म्हणजे उंची, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्या वेळी बाहेर बसलेल्या पालकांमध्ये एक संवाद हटकून होतो. संगीताने गणित सुधारते का, बुद्धी वाढते का. या आशेचे मूळ बहुतेक वेळा १९९३ सालच्या एका प्रयोगात असते, ज्याचा गवगवा मोत्सार्ट या संगीतकाराच्या नावाने झाला. त्या प्रयोगात लहान मूल एकही नव्हते. महाविद्यालयात शिकणाऱ्या छत्तीस विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे संगीत ऐकले, आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांना थोडी सरशी मिळाली आणि ती पंधरा मिनिटांच्या आत ओसरली. कोणी काही शिकले नव्हते, कोणी वाजवले नव्हते. मला पालकांची काळजी समजते. मुलाच्या हाती काहीतरी उपयोगाचे लागावे असे कोणाला वाटत नाही? पण संगीताच्या वर्गाचे समर्थन गणिताच्या गुणांनी करू लागलो तर ज्या दिवशी गणित सुधारणार नाही त्या दिवशी वर्गही बंद होईल. मूठ उघडून सप्तक चढणाऱ्या मुलीला जे मिळते आहे ते तिच्या चेहऱ्यावर दिसते. त्याला दुसऱ्या विषयाची शिफारस लागू नये, अशी माझी तीव्र इच्छा आहे.

प्रौढांच्या बाबतीत तर असे समर्थन उपलब्धच नसते. ज्याचे वय अडुसष्ट आहे त्याचे गणित सुधारून काय होणार? कदाचित म्हणूनच प्रौढांचे वर्ग सर्वांत शेवटी सुरू होतात आणि खोल्या अपुऱ्या पडल्या की सर्वांत आधी बंद होतात. आमच्या विभागातही एका सत्रात असे घडले. दिवसाच्या विद्यार्थ्यांना सरावाच्या खोल्या हव्या होत्या आणि त्यांची मागणी रास्त होती. आमचा गट चार महिने एका व्याख्यानगृहात, बाकांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभा राहून वाजवीत असे. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. अडचण कोणाचीही असली तरी तिची किंमत नेहमी ज्यांना पदवी मिळायची नाही त्यांनीच का मोजावी, हे मला कोणी समाधानकारकपणे सांगू शकलेले नाही.

याउलटचे एक उदाहरण मला धीर देते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीत विद्यालयात रॉय अर्न्स्ट या प्राध्यापकांनी १९९१ साली ज्येष्ठ नागरिकांचा एक वाद्यवृंद सुरू केला. ज्यांनी आयुष्यात कधी वाद्य हातात घेतले नाही अशांनाही त्यात प्रवेश होता आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र वाजवायचे होते. आधी वर्षानुवर्षे एकट्याने शिका, मग गटात या, असा नेहमीचा क्रम असतो. त्यांनी तो बदलला. त्या कल्पनेतून पुढे ठिकठिकाणी असे वृंद उभे राहिले. आमच्या सात जणांच्या गटाला त्या वृंदाची सर नाही. तरीही एकत्र वाजवण्याचे मोल आम्हाला ठाऊक आहे. आमच्यात रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका आहेत, त्या कधी कधी थेट कामावरून येतात. यंत्र-अभियंते आहेत. एक आजोबा आहेत, ज्यांनी पत्नीच्या निधनानंतर तिचे तीस वर्षे पेटीत पडून राहिलेले व्हायोलिन बाहेर काढले आणि आधी ते दुरुस्त करून घेतले, मग शिकायला आले. एकट्याचा सूर कच्चा असला तरी सहा जणांच्या सुरांत तो कुठे तरी टेकतो. शेजारच्याचा बो वर जाताना दिसला की आपला हातही वर जातो. मात्रा मोजायची ती मनात, पण सगळ्यांचा श्वास एकाच ठिकाणी घेतला जातो. आमच्यापैकी कोणालाही एकट्याने जे चार मिनिटे ऐकवता आले नसते ते आम्ही मिळून ऐकवतो.

सत्राच्या शेवटी सर्वांचे वादन होते. त्यात एक नियम आहे, तो मला फार आवडतो: क्रम वयाने किंवा वर्षांनी लावायचा नाही, ज्याची रचना सर्वांत लहान त्याने आधी वाजवायचे. त्यामुळे पहिल्या वर्षी मी एका सहा वर्षांच्या मुलानंतर आणि अडुसष्ट वर्षांच्या त्या आजोबांच्या आधी उभी राहिले. सुरुवात बरी झाली. बो मध्यावर आला आणि हात थरथरू लागला. थरथर तारेवर उतरली, एका लांब सुराचे पाच तुकडे झाले आणि ते सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेले. मी रचना पूर्ण केली. नंतर मार्गिकेत पदव्युत्तर वर्गातली एक मुलगी, जी त्या महिन्यात आपले अंतिम वादन सादर करणार होती, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, मलाही होतं तसं. मी पहिला सूर ठरवून आखूड ठेवते आणि बो-ला थोडं जास्त वजन देते. म्हणजे थरथर यायच्या आत हात बोलू लागतो." आम्ही दोघी दिव्याखाली उभ्या राहून ते करून पाहत होतो. तिच्या हातात बो होता आणि माझ्या हातात छत्री. ती दहा वर्षांच्या साधनेने जिथे पोचली होती तिथेही ही थरथर होती, हे तिने मला एका समव्यवसायी माणसाला सांगावे तसे सांगितले.

मागच्या सत्रात माझे सर पदवी पूर्ण करून गेले. शेवटच्या धड्याला त्यांनी माझ्या वहीच्या पहिल्या पानापासून सगळे चाळले आणि दुसऱ्या वर्षाच्या एका पानावर थांबले, जिथे मी मोठ्या अक्षरांत "जी तार पाहा" असे लिहून ठेवले होते. ते त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतले. आता ते दुसऱ्या गावी मुलांना शिकवतात.

या सत्रात नव्या बाई आल्या आहेत. त्यांचे वय बावीस-तेवीस असावे. पहिल्या दिवशी मी खोलीत शिरले तेव्हा आधीच्या तासाच्या मुलाची छोटी खुर्ची अजून तिथेच होती आणि मागच्या कोपऱ्यात प्राध्यापक बाई वही उघडून बसल्या होत्या. मी त्या शिक्षिकेची आयुष्यातली पहिली विद्यार्थिनी आहे, हे मला नंतर कळले. त्यांनी माझे नाव विचारले, मागच्या सत्रात कुठवर आलो होतो ते विचारले आणि दोन्ही उत्तरे ऐकण्याआधीच बोलू लागल्या: खांद्याविषयी, हनुवटीविषयी, बोच्या कोनाविषयी. मग मध्येच थांबल्या. स्वरलिपीचे पान त्यांनी स्टँडवर ठेवले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

"आधी नुसत्या मोकळ्या तारा वाजवू या का?" मी विचारले.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच करू या. जीपासून."

त्यांनी आपले व्हायोलिन उचलले, मी माझे, आणि आम्ही दोघींनी बो तारेवर ठेवला.